अमेरिकन गाडी की जपानी? नागपुरात बसून भरवशाचा हिशोब कसा लावायचा

अमेरिकन चांगली की जपानी, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर अर्धा-पाऊण तास आरामात चालते. एक जण म्हणते फोर्डचा दरवाजा लावून पाहा, आवाजावरच समजते. दुसरा म्हणते आमच्या इनोव्हाचे तीन लाख किलोमीटर झाले, अजून इंजिन उघडलं नाही. अन् तिसऱ्याकडे मारुती असते त्यामुळे तो फक्त पार्टच्या किमती सांगून सगळ्यांना गप्प करते. तिघंही खरं बोलून राहिले, पण तिघं तीन वेगळ्या गोष्टी बोलून राहिले. दरवाज्याचा आवाज म्हणजे पत्रा अन् बांधणी, तीन लाख किलोमीटर म्हणजे इंजिनचं आयुष्य, अन् पार्टची किंमत म्हणजे बिघडल्यावरचा खर्च. सेफ्टी तं अजूनच वेगळी. ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून सेफ्टी तपासणारी संस्था) स्टार दाखवून कोणी "गाडी भरवशाची आहे" म्हणत असल तं त्याला सांगा भाऊ, हे स्टार धडक झाल्यावर काय होते त्याचे आहेत, सोमवारी सकाळी गाडी सुरू होईल का नाही याचे नाहीत.

म्हणून तुलना करायच्या आधी मोजायचं काय ते ठरवून घ्या. मी एकच गोष्ट मोजायला सांगतो, गाडी वर्षातून किती दिवस उभी राहते. किती वेळा बिघडते हे अर्धंच उत्तर आहे. एखादी गाडी वर्षातून दोनदा बिघडली पण दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत चालू झाली, अन् दुसरी दोन वर्षांत एकदाच बिघडली पण एका सेन्सरसाठी महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहिली, तं तुमच्यासाठी जास्त भरवशाची कोणती? सर्व्हेमध्ये दुसरी जिंकते, घरात पहिली जिंकते. वही घ्या अन् दोन रकाने पाडा, पहिल्यात "काय बिघडू शकते", दुसऱ्यात "बिघडलं तं इथे नागपुरात किती दिवस अन् किती पैसे". बाकी सगळं या दोन रकान्यांत भरायचं आहे.

आता पहिलं काम, बोनेटवरचा बिल्ला विसरा अन् खाली नेमकं कोणाचं सामान आहे ते काढा. इथेच निम्मा वाद संपते. शेव्हरोले टॅव्हेरा, जिला सगळे अमेरिकन म्हणत होते, ती मुळात इसुझुची गाडी, म्हणजे जपानी. शेव्हरोले स्पार्क म्हणजे कोरियाची डेवू मॅटिझ, बीट पण जनरल मोटर्सच्या कोरियावाल्यांनीच केलेली. शेव्हरोले फॉरेस्टर कोणाकडे दिसली तं ती सुबारू आहे. जीप कंपास, पक्की अमेरिकन म्हणून लोक घेते, ती पुण्याजवळ रांजणगावला बनते अन् तिचं २ लिटरचं डिझेल इंजिन फियाटचं, म्हणजे इटलीचं. उलट बाजूने पाहा, मारुतीच्या जुन्या डिझेल स्विफ्ट अन् डिझायरमध्ये १.३ लिटरचं फियाटचंच इंजिन, निसान मायक्रा अन् सनी डिझेलमध्ये रेनॉचं, अन् टोयोटा ग्लान्झा म्हणजे सरळ सरळ बलेनो. तर ज्या काकांनी स्विफ्ट डिझेल चालवून "जपानी इंजिनला तोड नाही" असं आयुष्यभर सांगितलं ते इटालियन इंजिनची तारीफ करून राहिले होते, बिचाऱ्यांना सांगू नका.

चेसिस नंबर पाहायची सवय लावा. पहिलं अक्षर गाडी कुठे बनली ते सांगते, जपानमध्ये बनलेली असल तं जे ने सुरू होते, अमेरिकेत बनलेली १, ४ किंवा ५ ने. तुमच्या फोर्डचा अन् शेजाऱ्याच्या होंडाचा दोन्ही नंबर एम ने सुरू होताना दिसतील, कारण दोन्ही भारतात बनल्या, रबर, वायरिंग, होज पाइप बरंचसं इथल्याच व्हेंडरकडून आलं. त्यामुळे "अमेरिकन" किंवा "जपानी" या शब्दाखाली गाडी टाकू नका, वहीत असं लिहा: मॉडेल, साल, इंजिन, गिअरबॉक्स. चार शब्द. एकाच इकोस्पोर्टमध्ये १.५ डिझेल मॅन्युअल ही एक गाडी आहे अन् १.५ पेट्रोल ऑटोमॅटिक ही वेगळी गाडी आहे, भरवशाच्या हिशोबात तं नक्कीच.

आता लोक अमेरिकेतले सर्व्हे पाठवते, त्यात टोयोटा-लेक्सस वर असते अन् मंग वाद संपला म्हणते. ते सर्व्हे फालतू नाहीत पण वाचायची पद्धत आहे. जे. डी. पॉवर नावाच्या अमेरिकन सर्व्हे कंपनीचा जो टिकाऊपणाचा अभ्यास आहे त्यात तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारते अन् दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. आकडा कमी तितकी गाडी चांगली. पण तिथे ब्लूटूथ जोडत नाही ही पण एक तक्रार अन् गिअरबॉक्स गेला ही पण एकच तक्रार. अलीकडे तं सगळ्यात जास्त तक्रारी स्क्रीन, फोन जोडणं, आवाजी कमांड असल्या गोष्टींच्याच असते. अन् त्यांचाच दुसरा एक सर्व्हे आहे तो पहिल्या ९० दिवसांचा, त्याचा जुनी गाडी घेणाऱ्याला काहीच उपयोग नाही. कंझ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकेतली ग्राहकांची संस्था आपल्या मेंबर लोकांकडून माहिती घेते अन् वेगवेगळ्या भागांच्या तक्रारींना वजन देते, म्हणून आपल्यासाठी ते थोडं जास्त कामाचं. दोन्हींत जपानी नावं बहुतेक वर दिसते हे खरं आहे, पण ब्यूक हे जनरल मोटर्सचं नाव पण जे. डी. पॉवरमध्ये बऱ्याचदा वरच्या नंबरात असते. शिवाय तिथल्या गाड्या आपल्याकडे नाहीतच, फिगो तिथे नाही, वॅगनआर तिथे नाही. हे सर्व्हे कंपनीचा स्वभाव कळायला वापरा, तुमच्या गाडीचा निकाल म्हणून वापरू नका.

जपानी गाड्यांची कीर्ती कुठून आली ते थोडं सांगतो, कारण त्यातूनच कळते की हे रक्तात नसते, कामाच्या पद्धतीत असते. १९५० मध्ये डेमिंग नावाचा अमेरिकन माणूस जपानला गेला अन् तिथल्या कारखानदारांना संख्याशास्त्राने क्वालिटी कशी सांभाळायची ते शिकवलं, जपान्यांनी ते इतकं मनावर घेतलं की १९५१ पासून त्याच्या नावाने बक्षीसच सुरू केलं. अमेरिकेत मात्र बराच काळ त्याला कोणी विचारलं नाही. मंग १९७३ चं तेलाचं संकट आलं, पेट्रोल महाग झालं, अन् छोट्या जपानी गाड्या अमेरिकेत धडाधड विकल्या जायला लागल्या तेव्हा डेट्रॉइटच्या अमेरिकन गाडी कंपन्यांना जाग आली. पुढे १९८४ मध्ये जनरल मोटर्स अन् टोयोटाने मिळून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला एक प्लांट चालवला. जागा जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या कारखान्याची, कामगार बहुतेक तिथलेच जुने, ज्यांच्याबद्दल कंपनीच बोंब मारत होती, फक्त पद्धत टोयोटाची. अन् त्याच लोकांनी चांगल्या गाड्या बनवून दाखवल्या. त्याच प्लांटमधून टोयोटा कोरोला अन् जनरल मोटर्सची जिओ प्रिझम या जवळपास जुळ्या गाड्या निघायच्या, तरी जुन्या बाजारात कोरोलाला जास्त भाव मिळायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या हिशोबात कामी येईल. अन् लांब कशाला जाता, आपल्या हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर प्लांट आहे ना, त्या महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये हेच डेमिंग बक्षीस मिळालं. म्हणजे देशाचा काही संबंध नाही, शिस्तीचा आहे.

आता कामाचं बोलू. गाडी महागात पाडणारा भाग बहुतेक वेळा इंजिन नसते, गिअरबॉक्स असते, त्यातही ऑटोमॅटिक. फोर्डचा पॉवरशिफ्ट नावाचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स अमेरिकेत फिएस्टा अन् फोकसमध्ये इतका बदनाम झाला की मालक लोक कोर्टात गेले. ड्युअल क्लच पॉवरशिफ्ट आपल्याकडे पण इकोस्पोर्ट अन् फिगोच्या १.५ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये आला. हे ऐकून जपानीवाले खुश होतील, तं त्यांना निसानच्या सीव्हीटीबद्दल (ठरावीक गिअरऐवजी बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक) विचारा. तो गिअरबॉक्स पण अमेरिकेत तसाच कोर्टात गेला अन् कंपनीला बऱ्याच मॉडेलची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. म्हणजे एक अमेरिकन, एक जपानी, दोन्ही त्याच रस्त्याने गेले. उलट फोर्डची मॅन्युअल डिझेल घ्या, ती चालवणारे लोक आजही सोडायला तयार नसते, अन् टोयोटाच्या हायब्रिडमधला ई-सीव्हीटी हा नावाने सीव्हीटी असला तरी आत बेल्ट नाही, गिअरचाच संच आहे, त्यामुळे "सीव्हीटी म्हणजे वाईट" असं पण सरसकट करू नका.

टायमिंग बेल्टचं तसंच, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-बंद करणारा पट्टा, काही गाड्यांत त्याच्या जागी चेन असते. लोकांना वाटते जपानी म्हणजे चेन, अमेरिकन म्हणजे बेल्ट. मारुतीच्या के सिरीज पेट्रोलला चेन आहे, होंडा सिटीच्या आय-व्हीटेकला चेन आहे, ते बरोबर, पण जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलला बेल्ट आहे अन् तो तुटला तं "टोयोटा आहे" म्हणून व्हॉल्व्ह वाकायचे थांबत नाहीत. फोर्डच्या १ लिटर इकोबूस्टमध्ये बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरते, तिथे ऑइल वेळेवर अन् बरोबर ग्रेडचं टाकलं का याला फार महत्त्व आहे, स्वस्तातलं लोकल ऑइल टाकणाऱ्याची इकोबूस्ट असल तं नमस्कार करून निघून या. त्याच इंजिनच्या कुलंट होजबद्दल बाहेरच्या देशांत रिकॉल झाले होते (म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या), अन् आपल्या नागपूरच्या मे महिन्यात होज पाइप हा काही दुर्लक्ष करायचा विषय नाही.

रिकॉलबद्दल सांगतो. रिकॉल निघाला म्हणून गाडी वाईट असं धरू नका, पाहायचं हे की रिकॉलचं काम या गाडीवर झालं का. दोन्ही बाजूंनी मोठे घोळ आहेत. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण २०१४ मध्ये निघालं, चालू गाडी बंद पडायची अन् एअरबॅग पण उघडायची नाही, १२४ मृत्यूंची भरपाई द्यावी लागली. त्याच वर्षी टोयोटाने आपोआप वेग वाढायच्या प्रकरणात अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. आपल्याकडे जनरल मोटर्सने २०१३ मध्ये एक लाखावर टॅव्हेरा प्रदूषणाच्या गडबडीमुळे परत बोलावल्या. पण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण टकाटाचं आहे, ही एअरबॅगचे इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) बनवणारी जपानी कंपनी, २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या इन्फ्लेटरमधलं रसायन वर्षानुवर्षं गर्मी अन् दमटपणा खाऊन खराब होते अन् एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडते. गर्मी अन् दमटपणा! म्हणजे आपला मे अन् मंग आपला जुलै. जुनी होंडा सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड किंवा कोरोला अल्टिस पाहत असाल तं आधी कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून पाहा. काम फुकटात करून देते, पण करून घेतलं पाहिजे. बाकी गाड्यांचे रिकॉल पण तसेच तपासा.

दुसरा रकाना भरायला आता मिस्त्री लोकांकडे जा. पण "दादा, कोणती गाडी चांगली?" असं विचारू नका, त्याला जी गाडी खोलायला सोपी तीच तो चांगली सांगन. असं विचारा: मागच्या काही महिन्यांत इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवलेल्या गाड्या कोणत्या, किती किलोमीटरच्या होत्या, अन् पार्ट यायला किती दिवस लागले. एक हिशोब मात्र डोक्यात ठेवा. गॅरेजमध्ये दहा मारुती अन् एक फोर्ड उभी दिसली म्हणून मारुती जास्त बिघडते असं होत नाही. देशात विकणाऱ्या दर दहा गाड्यांमागे चारेक मारुतीच असते, अन् फोर्ड बंद झाली तेव्हा तिचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. त्या मानाने पाहिलं तं गॅरेजमध्ये दर वीस मारुतीमागे एक फोर्ड दिसायला पाहिजे, दहामागे एक दिसत असल तं फोर्ड जास्त येऊन राहिली. अर्थात तिथे पण एक पाचर आहे, काही गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जाते, बाहेरच्या गॅरेजमध्ये दिसतच नाहीत. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा, त्यातला एक जण तरी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचायचं यंत्र) वापरणारा पाहिजे.

मंग फोनची परीक्षा, अन् ही माझी सगळ्यात आवडती, कारण एक रुपया लागत नाही. एक यादी करा: क्लच सेट, पुढचे शॉकअप, लोअर आर्म, रेडिएटर, एसी कॉम्प्रेसर, हेडलाइट, डिझेल असल तं इंजेक्टर. ज्या दोन गाड्यांत अडकले त्या दोन्हींसाठी पार्टवाल्याला फोन करा अन् प्रत्येक पार्टचं तीन गोष्टी विचारा, ओरिजिनल किती, लोकल किती, अन् आज मिळन का मागवावा लागन. किमतीपेक्षा तिसरं उत्तर नीट लिहून घ्या. मारुतीचं बहुतेक "आहे, घेऊन जा" येईल. टोयोटाचं "महाग आहे पण मिळन". शेव्हरोलेचं काय येते ते तुम्हीच ऐका, काही पार्ट पटकन मिळते, कारण तेच सामान दुसऱ्या गाड्यांत पण लागते, अन् काहीसाठी "दिल्लीहून मागवू, अ‍ॅडव्हान्स टाका" हे ऐकावं लागन. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, दोघांनीही सर्व्हिस अन् पार्ट चालू ठेवू म्हटलं होतं, पण कागदावरची सोय अन् मंगळवारी दुपारी काउंटरवर मिळणारा लोअर आर्म यात फरक असते. कोणी म्हणन फोर्ड परत येऊन राहिली. २०२४ मध्ये त्यांनी चेन्नईचा प्लांट पुन्हा वापरू असं सांगितलं, ते एक्सपोर्टसाठी, तुमच्या इकोस्पोर्टच्या हेडलाइटसाठी नाही. अन् हे फक्त अमेरिकन लोकांनीच केलं असं पण नाही बरं, मित्सुबिशीच्या लान्सर-पजेरोवाल्यांना विचारा, डॅटसनवाल्यांना विचारा, त्या पण जपानीच होत्या ना, पळाल्याच.

याच रकान्यात एक ओळ टाका, गाडी बिघडन तं कुठे. धरमपेठेत बंद पडली तं टोचन करून तासाभरात गॅरेजमध्ये. समृद्धीवर शिर्डीला जाताना मधातच बंद पडली तं गोष्ट वेगळी. तुमची गाडी शहरातच फिरते का दर महिन्याला पुण्या-मुंबईकडे जाते, त्यावर रिलायबिलिटीची किंमत बदलते. शहरातच फिरणाऱ्यांनी बीएस-६ डिझेल घेताना डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारी जाळी) पण पाहा, सदर ते बर्डी अन् बर्डी ते सदर एवढंच रोज चालवलं तं ती जाळी कोंबून जाते अन् लाइट पेटते, मंग ती इनोव्हा क्रिस्टा असो का कंपास असो.

गाडी प्रत्यक्ष पाहायला दुपारी जा. तीनच्या उन्हात, मे मिळाला तं सोनं. विकणारा सकाळी बोलावते, थंड हवेत सगळ्याच गाड्यांचा एसी चांगला असते. त्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, अन् गेल्यावर बोनेटला हात लावून पाहा, गरम असल तं काहीतरी झाकून राहिला. थंड इंजिन सुरू होताना आवाज ऐका, धूर पाहा. मंग एसी फुल करून पंधरा-वीस मिनिटं जागेवरच चालू ठेवा. टेम्परेचरचा काटा मधात थांबते का, रेडिएटरचा फॅन चालू-बंद होते का, एसीची हवा गरम होत जाते का. ४५ डिग्रीत हे पास झालं तं बाकी वर्षभर चिंता नाही. त्यानंतर सेमिनरी हिल्सच्या चढावर घेऊन जा. नागपूर सपाट आहे, चढ म्हणून आपल्याकडे तोच. ऑटोमॅटिक असल तं चढावर हळूहळू, अर्ध्या-अर्ध्या फुटाने पुढे सरकवा अन् थोडं रिव्हर्स पण घ्या, क्लच थरथरत असल तं तिथेच कळते, वर्धा रोडवर ८० ने पळवून कधीच कळणार नाही. सिमेंट रोडवर काच बंद करून चालवा, खडखड, बुश, लिंक रॉड सगळं ऐकू येते. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी जुनं रबर आपल्या उन्हात अन् समृद्धीच्या १२० च्या स्पीडला भरवशाचं नसते.

जमलं तं एक साधा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, काही शे रुपयांत मिळते, मोबाइलवर अ‍ॅप टाका, २०१३ नंतरच्या गाड्यांना बहुतेक लागते. फोर्डसाठी फोरस्कॅन नावाचं अ‍ॅप आहे ते बरंच खोलात जाते. एरर कोड दिसले तं ठीकच, पण कोड नाही दिसले तं लगेच खुश होऊ नका. "कोड क्लिअर केल्यापासून किती किलोमीटर झाले" हा आकडा बऱ्याच गाड्यांत दिसते. तो आकडा १५-२० आला तं समजा भाऊने तुम्ही यायच्या आधीच पाटी पुसून ठेवली.

कागद. एमएच ३१, एमएच ४९, एमएच ४० पासिंगची गाडी असल तं तिचा इतिहास इथेच सापडते, सर्व्हिस सेंटरला जाऊन किलोमीटरची नोंद जुळवता येते. मोठ्या अमेरिकन गाड्या, विशेष करून एंडेव्हर, दिल्ली पासिंगच्या स्वस्तात दिसतील, कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार आहे. स्वस्त आहे ते खरंच, पण एनओसी, इथला टॅक्स, पुन्हा पासिंग, हे सगळं धरून किंमत काढा. चंद्रपूरकडची असल तं एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा, कोळशाची धूळ लपत नाही. अन् नागपूरची असल तं २३ सप्टेंबर २०२३ विसरू नका, त्या रात्री अंबाझरी भरून वाहिला अन् नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत गाड्या छतापर्यंत बुडाल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा चिखलाची रेघ आहे का, स्टेपनी काढून खाली गाळ आहे का पाहा, सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज, कार्पेटखाली वास. पाण्यात गेलेली टोयोटा पण आज चालते अन् उद्या वायरिंगने रडवते.

आता दोन्ही रकाने भरले असतील तं पैशाचा हिशोब. कोरोला अन् प्रिझमवाली गोष्ट आठवा, नावाला भाव असते. समजा सारख्याच सालाची, सारख्याच किलोमीटरची ब्रेझा अन् इकोस्पोर्ट पाहिली अन् इकोस्पोर्ट एक लाखाने स्वस्त पडून राहिली. तो एक लाख तुमचा फायदा नाही, तो दुरुस्तीचा फंड आहे, वेगळा काढून ठेवा. वहीतला सगळ्यात मोठा संभाव्य खर्च या फंडात बसते का पाहा. बसत असल अन् गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तरी तुमचं अडत नसल, घरात दुसरी गाडी आहे, तं खुशाल घ्या, चालवायला मजा येईल, फोर्डचं स्टिअरिंग अन् हायवेवरची पकड याला आजही तोड नाही असं माझं मत आहे. नसल बसत तं सोडा. अन् घरात एकच गाडी आहे, आई-बाबांना दवाखान्यात न्यायची पण तीच अन् पोरांच्या शाळेची पण तीच, तं डोकं न लावता मारुती, टोयोटा किंवा होंडाची पेट्रोल मॅन्युअल घ्या, तिथे प्रयोग करू नका. शेव्हरोलेबद्दल माझं मत कडक आहे, आता इतक्या वर्षांनी फक्त त्याच माणसाने घ्यावी ज्याचा सख्खा भाऊ मिस्त्री आहे. टॅव्हेराचं तेवढं वेगळं, ती खेड्यापाड्यात इतकी चालली की तिचं काम करणारे अजून सापडते.

नवीनच घ्यायची असल तं अमेरिकन म्हणजे व्यवहारात जीपच उरली, टेस्ला २०२५ मध्ये आली पण सुरुवात मुंबईतून केली. नवीन जपानी हायब्रिड घेत असाल तं टोयोटा बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते, फक्त बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी असते तिच्यावर पिशव्या, गादी, संत्र्याचे खोके असलं काही लादू नका, अन् ती जाळी सर्व्हिसिंगला साफ करून मागा, सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

जुनी घेतली तं पहिल्याच आठवड्यात देश कोणताही असो, इंजिन ऑइल, फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल बदलून टाका, कुलंटमध्ये बोअरचं पाणी भरलेलं निघालं तं पूर्ण सिस्टीम धुवून घ्या. बेल्टवाली असल अन् बदलल्याचं बिल विकणाऱ्याने दाखवलं नाही तं बदललाच नाही असं धरून चला, "बदलला आहे ना भाऊ, माझ्यावर विश्वास ठेवा" याला बिल म्हणत नाहीत. अन् १२ व्होल्टची बॅटरी तीन उन्हाळे पाहून झाली असल तं चौथा उन्हाळा यायच्या आधी मार्चमध्येच टेस्ट करून घ्या.